आईला तैपेईला नेण्याविषयी

तोंगशी, १८ मार्च १९८९

तीर्थरूप दादास,

आ-स्वातचा साष्टांग नमस्कार. गुडघे दुखतात, म्हणून कागदावरच. इकडे सर्व ठीक. वारा सुटलाय, कालवं यंदा बारीक निघताहेत. वहिनींच्या पित्ताला उतार पडला असेलच. आई अंथरुणाला खिळलेली होती तेवढा काळ त्यांना एकदाही इथवर येता आलं नाही, इतकं जबर पित्त!

आईवर केलेलं तुझं भाषण छापून पाठवलंस, वाचलं. ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’. वा रे पठ्ठ्या! ऐंशी वर्षांच्या आयुष्यातली साठ वर्षं ती बाई ओल्या फरशीवर बसून कालवं फोडत होती. तिचा उजवा अंगठा सरळ होत नव्हता, हे त्यात कुठंच नाही. कसं असणार? तुला ठाऊक तर हवं! त्याच कालवांवर तू शिकलास, साहेब झालास, आणि पहिल्याच सुट्टीत तिला म्हणालास, "आई, तुझ्या अंगाला वास येतो गं." ती हसली. मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती.

आणि आईच्या अंत्ययात्रेला आणलेली ती भाड्याची रडणारी! पोटची लेक दारात उभी, आणि ती नटवी पांढरे कपडे घालून, माइक धरून फाटकापासून रांगत आली. "आई गं, तुझ्या लेकीला टाकून कुठं गेलीस!" लेकीनं शवपेटीपर्यंत रांगत जायचं असतं, म्हणून मी वाकले तर तू माझा दंड धरलास. "तू राहू दे, तिचा आवाज चांगला आहे." शेजारची लिआन-मावशी अजून हे सगळ्यांना सांगत फिरते.

असो. वर्षश्राद्धाला आईच्या धुपाची राख पूर्वजांच्या धूपपात्रात मिसळून तिला पूर्वजांत बसवायचं आणि सगळा देव्हारा तैपेईला न्यायचा, हे कळलं. ‘पुढंमागं तुझ्या नावाच्या पाटीची सोय एखाद्या मठात करू,’ हेही कळलं. मेल्यावर मी परक्यांच्या भिंतीवर, असंच ना?

बिनलग्नाच्या मुलीचं नाव माहेरच्या पूर्वजांत बसत नाही, हे मला शिकवू नकोस. म्हणून तर आईनं तुला बोलावून घेतलं होतं. "जिन-फू, तुझा धाकटा आ-स्वातच्या नावावर दे. तिला धूप दाखवायला कुणीतरी हवं." तू तिचा हात धरून "हो आई" म्हणालास. आता लिहितोस, पोराच्या अभ्यासावर परिणाम होईल, हल्ली असं कुणी करत नाही. अरे, पोरगा तुझ्याच घरी राहणार, तुझंच खाणार! माझ्या नावानं एक उदबत्ती लावायची, तेवढ्यानं तुझं काय रे झिजतं? मरणाऱ्या आईला शब्द देऊन फिरणारा तू, तुझी मला किळस येते.

तीही काही देवी नव्हती. पूताई बंदरातला होडीवाला मला मागणी घालायला आला, तेव्हा ती म्हणाली, "एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू." तुझं कॉलेज चालू होतं, घरात हात हवे होते. तो बिचारा दुसऱ्या हंगामापर्यंत थांबला, मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं. माझा आईवर जीव होता, पण तो राग गेलेला नाही. तुझ्याकडून वचन घेताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला सगळं कळत होतं.

तर ऐक. धाकटा माझ्या नावावर होत नाही तोवर राख मिळणार नाही. ‘कौल लावून आईलाच विचार, कुठं राहायचंय,’ असं लिहिलंयस. नाही विचारणार. तिनं तरी माझं आयुष्य ठरवताना मला कुठं विचारलं होतं?

आई माझ्यापाशी राहील.

तुमच्या घरात जिला मेल्यावर जागा नाही ती,
आ-स्वात