टाकीच्या तोंडाला फडकं
गुरुवार, ऑगस्ट १९८१

मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवल्यापासून यांनी तिथे फडकं कोंबलंय. रोज ओझरला कारखान्यात तसेच जातात. नवं आणा म्हटलं, की ‘आणतो गं.’ संध्याकाळी सासरे गाडीशेजारीच विडी पेटवायला बसले. मी किंचाळलेच, “मामंजी, काडी ओढू नका!” त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ते उठून आत गेले. मी तडक दुकानात जाऊन झाकण आणलं, बसवलं, पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. घट्ट आहे. ते फडकं मात्र अंगणात पडलंय, वास जात नाही. मामंजी रागावलेत की घाबरलेत? विचारू कसं? आत्ताच आतून हाक आली, “सूनबाई, ताट वाढ. आणि ही काडेपेटी तुझ्याकडेच ठेव.”