सात सह्या

१४ जुलै २०२५, सोमवार

कागद परत आले! बोट लेकीच्या, दिशाच्या नावावर करायचा अर्ज, कोर्टाचा हुकूम, ह्यांच्या मृत्यूचा दाखला, मच्छीमार सोसायटीचं पत्र — सगळं क्रमानं लावून नेलं होतं. मत्स्य खात्याच्या ऑफिसातल्या बाईंनी जुनी फाइल उघडली आणि चष्मा वर केला. "तुमचे मिस्टर २०१७ च्या नोव्हेंबरात समुद्रात हरवले म्हणता. मग मागच्या वर्षीच्या परवान्याच्या अर्जावर त्यांची सही कशी?"

मी म्हटलं, बघते. काय बघणार होते कुणास ठाऊक. शेजारी उभ्या लेकीनं कागद गोळा केले. रिक्षानं वर्सोव्याला परत आलो.

१५ जुलै

सुक्या बोंबलांचं कालवण केलं. दोघींनीही ताटात तसंच ठेवलं.

१७ जुलै

सह्या मी केल्या. दुसरं कोण करणार!

पहिल्या वर्षी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा हे हरवून सात महिने झाले होते. देह मिळाला नव्हता. धाकटे दीर, भाऊ, म्हणाले, "वयनी, मालक नाय असं लिवलंस तर होरी किनाऱ्यालाच राहील." बोट थांबली तर खलाशांच्या चुली थांबणार, हे खरंच. पण माझं कारण ते नव्हतं. ह्यांच्या नावापुढे 'मयत' लिहायला हात वळेना. म्हणून ह्यांच्यासारखी सही केली — लवू, आणि खाली आडवी रेघ. इतकं बरं वाटलं! वाटलं, आता दुपारी जेवायला येतील.

मग दरवर्षी तेच. जूनमध्ये पावसाळी बंदी लागून बोट किनाऱ्यावर ओढली की अर्ज पुढ्यात घ्यायचा आणि नवऱ्याला आणखी एक वर्ष जगवायचं. वेडीच मी.

२१ जुलै

दिशा आज माझ्यावर तुटून पडली. "आई, बाबा गेले. आठ वर्षं होतील आता. मान ना गं! एक ऑगस्टला सगळ्यांच्या बोटी सुटणार आणि आपली वाट लागणार, तुझ्या सह्यांपायी."

वीस वर्षांची पोरगी. बाप गेला तेव्हा बाराची होती, तेव्हाही रडली नव्हती. दगडाचं काळीज आहे हिचं, असं मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

२४ जुलै

एकटीच गेले. बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच रडू आलं. "कोणकोणत्या सह्या तुमच्या, ते लेखी द्या. साहेबांपुढे ठेवते. पुढचं मी नाही सांगू शकत," म्हणाल्या आणि सात वर्षांचे सात अर्ज टेबलावर मांडले.

एकवीस सालच्या अर्जाशी थांबले. त्या जूनमध्ये मी करोनानं हॉस्पिटलात होते, ऑक्सिजनवर. त्या वर्षीचं भाऊंनी बघितलं असेल, असं धरून चालले होते. पण भाऊ तर अंगठा लावतात. आणि सही हुबेहूब ह्यांची, खालच्या रेघेसकट. क्षणभर — फक्त क्षणभर — वाटलं, हे येऊन गेले.

त्या अर्जाची झेरॉक्स मागून घेतली.

२५ जुलै

झेरॉक्स दिशापुढे ठेवली. तिनं सहीखालच्या रेघेवरून बोट फिरवलं. एकवीस साली सोळाची होती ती, घरात एकटी.

"तू घरी आली असतीस आणि कागदावर बाबा नसते, तर तुला काय सांगणार होते मी?"

आणि रडली. आठ वर्षांचं सगळं एकदम. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या पोरीला मी दगड म्हटलं होतं.

२८ जुलै

लेखी दिलं. आधीच्या मालकाच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. खाली लिहिलं — सातही सह्या माझ्याच.