पिवळीच्या पोटाला खिडकी

४ नोव्हेंबर, मंगळवार

बावीस! बावीस बोल्ट!! अंगणात पालथी पडून, मोबाईलचा टॉर्च दातांत धरून मोजले. ऑईल बदलायला खरं तर एकच बोल्ट सोडवायचा असतो — एकच, अंगठ्याएवढा. पण त्या एकापर्यंत पोचायला आधी बावीस. कारण गाडीच्या अख्ख्या पोटाखाली काळ्या प्लॅस्टिकचा एकसंध पत्रा आहे. अंडरट्रे. म्हणे खालून हवा सुळकन जावी म्हणून. आमच्या कोन गावात हवा सुळकन जायच्या आधी चार स्पीडब्रेकर लागतात, पण हे गाडी बनवणाऱ्यांना कोण सांगणार?

आणि हे सगळं मी का मोजतेय? कारण पप्पा ही गाडी, आमची पिवळी, विकतायत. जेवताना बोंबलाचा काटा काढता काढता सांगितलं. "मितेशला बोलावलाय रविवारचा. हा नाय, पुढचा." मितेश म्हणजे कळंबोलीचा लोखंडाचा व्यापारी. पिवळीकडे बघताना त्याचा श्वास बदलतो, मी पाहिलंय.

का विकताय? तर म्हणे, "दोन सीटची गाडी, धा मान्सांचा घर. न् जरा काय झाला की शोरूमचा ट्रक येतो, उचलून न्हेतो, आठ दिस ठेवतो. ऑईल बदलायला पन! माझी गाडी न् मना हात लावायची चोरी."

मी काय बोलणार? की मी त्या गाडीत बसून लिहिते? हो, बंद गाडीत, काचा वर करून, डाव्या सीटवर. अख्ख्या घरात ती एकच जागा आहे जिथे तिसरा माणूस येऊच शकत नाही. कादंबरीची सत्तावीस पानं तिथेच झाली. घरात टेबलावर बसलं की माझी वाक्यं सरळ येतात. सरळ वाक्य म्हणजे मरण.

पिवळी गेली तर कादंबरी गेली. बास.

५ नोव्हेंबर

डील झाली!!!

मी म्हटलं, ऑईल मी बदलून दाखवते. ट्रक नको, शोरूम नको. पप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "एमए झाली, आता येवराच राहिला होता!" मग एकदम व्यवहारात आले. "एका तासात. आपल्या अंगनात. एकटीनं. जमला तं मितेशला नाय सांगतो." टाळी दिली. त्यांची टाळी अजून लागते, पळीनं मारल्यासारखी. मिठागरावरचे हात.

मग हिशोब केला वेळेचा. नुसता ट्रे काढायला दीड तास, चढवायला दोन. एक तास???

दुपारी डाळभात खाताना सुचलं. भाताच्या ढिगाला मध्ये खड्डा केला आणि डाळ ओतली, तेव्हाच. ट्रे काढायचाच नाही! ट्रेला खिडकी पाडायची! बरोबर त्या बोल्टाखाली. झाकण उघडलं, बोल्ट सोडवला, ऑईल काढलं, झाकण बंद. मी भात अर्धवट टाकून उठले. आई ओरडली. ओरडू दे. मी जगातला पहिला माणूस आहे हे सुचलेला! (नाहीये. गुगल केलं. हजारो लोकांनी केलंय. तरीपण.)

६ नोव्हेंबर

कळंबोलीला जगनदादाकडे. ट्रक टर्मिनलला लागून त्याचं गॅरेज, मोठमोठे ट्रक आणि मध्ये हा एवढासा माणूस. पप्पांचा मिठाचा ट्रक होता तेव्हापासूनची ओळख.

माझं ड्रॉइंग बघून म्हणाला, "ताई, ट्रकला चड्डी नसते. खाली झोपलं की सगळं दिसतं. ही तुमची गाडी फार लाजाळू."

पण मग डोकं खाजवायला लागला, म्हणजे त्याला आवडलं! म्हणाला, नुसतं भोक पाडलंत तर पळताना हवा झाकणाखाली बोट घालेल आणि टरकन उपटून नेईल. झाकणाची पुढची कड ट्रेच्या वरच्या अंगाला खोचायची, मागे दोन स्क्रू — पाव फेरा फिरवला की सुटणारे. म्हणजे हवेला धरायला कडच नाही. किती सुंदर आहे हे! मी पाच वर्षं साहित्य शिकले, कुणी असं एक वाक्य बोललं नाही.

झाकण ॲल्युमिनियमचं तोच करणार. कापायचं मी. "चुकलात तर मला नाही माहीत," हे तीनदा बोलला.

७ नोव्हेंबर

ट्रे निघाला. एकवीस बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात. बाविसाव्याबद्दल लिहायची माझी तयारी नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी मांडवाच्या फळ्यांवर चढवलीय (चुलतभावाच्या हळदीच्या स्टेजच्या फळ्या, परत न्यायला मांडववाला आलाच नाही). चाकांना मागून दगड. ट्रे बाजूला. आता प्रश्न असा: खिडकी नेमकी कुठे? ट्रे लागला की बोल्ट दिसत नाही. बोल्ट दिसतो तेव्हा ट्रे नसतो. दोघं कधी एका वेळी भेटतच नाहीत! ह्याच्यावर कादंबरी होईल.

टेपनं मोजलं, तीनदा, तीन उत्तरं.

मग — स्वतःचीच पाठ थोपटते — कणीक! आईच्या परातीतून लिंबाएवढा गोळा चोरला, ऑईलच्या बोल्टाला खालून चिकटवला, टोकाला ओलं कुंकू. ट्रे वर दाबला की गोळा दबेल, कुंकू ट्रेवर उमटेल, तिथे कापायचं. म्हणजे बोल्ट स्वतःच ट्रेला टिळा लावणार!! जगनदादाला फोन केला. तो दोन मिनिटं नुसता हसत होता. मग म्हणाला, "थांबा, ट्रे धरायला मी येतो." आंघोळ करून येते, तोवर तो पोचेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ट्रे दाबला. काढला. टिळे पाच.

पाच?! जगनदादा म्हणाला, ट्रे हलला असेल, गोळा उड्या मारत गेला असेल. पटलं. त्यातला सगळ्यात गोल, सगळ्यात लाल धरला आणि कापला. गर्रर्र! काळा भुगा केसांत, नाकात, पोह्यांत. तळहाताएवढी चौकोनी खिडकी, कडा घासून गुळगुळीत. मी नाचले. जगनदादानं दुसरीकडे बघितलं.

१० नोव्हेंबर

चुकली खिडकी.

ट्रे धरून बघितला, खिडकीतून बोल्ट दिसतो, छान दिसतो, मधोमध दिसतो — पण तो गिअरबॉक्सचा! "हा सोडला असतात ना ताई," जगनदादा म्हणाला, "तर गाडी उचलायला ट्रकच आला असता."

टॉर्च मारून वर बघितलं. पाच बोल्टांना पाच चपट्या पुऱ्या. कणकेच्या. कुंकवासकट.

आई!!!

"मंग? तू एकालाच ठेवलास. बाकीच्यांनी काय पाप केलाय? एकाला मान दिला की दुसरा रुसतो, लग्नाच्या घरात इचार. मी पाच पुरे केले. बरा दिसतो."

पण आई, तू गाडीखाली गेलीस?

"तू आंघोळीला गेलीस तवा हात घातला बाजूनं. तुझ्यावानी लोळाया नाय गेली."

आणि तिचा टिळा माझ्यापेक्षा गोल. अर्थात. तीस वर्षांचा सराव. मी आणि जगनदादा अंगणात बसून इतके हसलो की समोरची किशोरीकाकू गेटपर्यंत आली, कोण पडलं बघायला. पप्पा गॅलरीतून बघत होते. बराच वेळ.

११ नोव्हेंबर

नवा गोळा. नवा टिळा. आईला स्वयंपाकघरात बसवून बाहेरून कडी.

१२ नोव्हेंबर

बरोबर! बरोबर! बरोबर! खिडकी उघडली की ऑईलचा बोल्ट समोर, हाय म्हणतो. जगनदादानं दोन्ही खिडक्यांना झाकणं केली. "गिअरबॉक्सचंपण कधीतरी लागेलच की." म्हणजे माझी चूक आता सोय झाली. कादंबरीतल्या चुकांचं असं कधी होत नाही.

१३ नोव्हेंबर

ट्रे चढवून पळवून बघितली. पप्पा चालवत, मी डावीकडे, कोन ते एक्सप्रेस-वेचं तोंड आणि परत. किती पळवली ते लिहीत नाही, ही वही आई वाचते असा संशय आहे. झाकणं जागच्या जागी! खडखड नाही, फडफड नाही.

येताना पप्पा आपणहून बोलले. पहिल्या सर्व्हिसिंगला ते शोरूमला गेले होते, गाडीबरोबर, बघायला म्हणून. तिथल्या पोरानं काचेच्या खोलीत बसवलं. "पोर बोलतो, ‘सर, तुम्ही कॉफी घ्या, आत अलाऊड नाही.’ मी मिठागरावचा पंप खोलायचो, ट्रक खोलायचो... न् काचंतून बघतोय, माझ्याच गाडीखाली दुसराच झोपलाय."

मग मितेशचा विषय काढला आणि म्हणाले, परवा एक तास म्हणजे एक तास हां. सूट नाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहिते.

अकरा वाजता सुरुवात. पप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मोबाईलवर घड्याळ लावून. आई पायरीवर. इंजिन आधी गरम केलं, मग बंद. फळ्यांवर चढवली, दगड लावले. नववं मिनिट. आडवी झाले, झाकण, पाव फेरा, पाव फेरा — उघडलं! खाली घमेलं. पाना लावला, बोल्ट ढिला, शेवटचे दोन आटे बोटांनी... आणि ऑईल आलं! काळं, कढत, जाड दोरीसारखं. मी किंचाळले आनंदानं.

आणि बोल्ट हातातून सुटला. डुबुक. घमेल्यात.

चिमटा घातला. नाही. झारा घातला. नाही. बोल्टाशिवाय नवं ऑईल भरणार कुठे? बत्तिसावं मिनिट. चौतिसावं. आई म्हणते, दुसरा बोल्ट नाय का? मला रडू यायला लागलं, सत्तावीस पानं डोळ्यांपुढे.

एवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज. पप्पा आले, बाही वर केली, आणि कोपरापर्यंत हात घातला त्या काळ्यात. डोळे मिटून. तोंडावर काय होतं मला सांगता येत नाही, मासा चाचपणाऱ्या माणसाचं असतं तसं काहीतरी. "हा घे."

मग धडाधड. नवा वॉशर, बोल्ट, फिल्टर (तो वरून निघतो, देव त्याचं भलं करो), नवं ऑईल, झाकण. छप्पन्न मिनिटं!!! छप्पन्न!!!

पप्पांनी घड्याळ बंद केलं. म्हणाले, "हरलीस."

काय??

"एकटीनं बोललो होतो."

मी बोलावलं होतं का तुम्हाला?! तुमचा तुम्हीच हात घातलात!

"पन तू घेतलास ना हातात?"

आई मध्ये पडली, काय लेकीशी कोर्टासारखा बोलतो. ऐकलं नाही. डील म्हणजे डील. उद्या दहाला मितेश. जेवताना त्यांची नखं काळीच, तीनदा धुवायला पाठवलं आईनं, तीनदा तशीच घेऊन आले.

वहीत अजून लिहायचं होतं. डाव्या सीटवर जाऊन बसले, शेवटचं. एक शब्द आला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मितेश आला, नवा शर्ट, पेढ्यांचा बॉक्स. आईनं त्याला गेटातच माझी कालची छप्पन्न मिनिटं सांगितली. पिवळी परत फळ्यांवर. खालून दोन पाय बाहेर. घमेल्यात कालचंच ऑईल, सोनेरी, नवंकोरं.

"काका, हे काय?"

खालून, "ऑईल बदलतोय."

"पण मनस्वीनं कालच —"

"तिनं तिचा बदलला. मी माझा बदलतोय. मनू, मितेशला चा दे गो. गाडी नाय द्यायची."

डाव्या सीटवर आता पान्यांचा डबा, चिंध्या, पप्पांचा बनियन, आणि जगनदादाकडून आणलेला जॅक. बसायला जागा नाही. हे मागच्या चाकाला टेकून लिहितेय. गाडीखालून शीळ येतेय.