मॉन्स्टेराला पाणी

३ मार्च
ह्यांच्या झाडाची जबाबदारी आजपासून पूर्णपणे माझी. नाव मॉन्स्टेरा. पान अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, चुन्याचा ब्रश फिरवल्यासारखं. डायलिसिस चालू असताना ह्यांनी पुण्याहून मागवलं होतं. ह्यांना जाऊन तीन महिने झाले.
चंद्रिका म्हणते, एकटी राहू नकोस, माझ्याकडे पुण्याला ये. मी म्हटलं, एवढं नाजूक झाड सांभाळते, स्वतःला नाही का सांभाळणार? जावयांशी बोलून तिनं सांगितलं, बरं, जूनमध्ये बघू. म्हणजे झाड जगलं तर मी सोलापुरात. सोपं आहे.

४ मार्च
ह्यांच्या वहीत लिहिलंय, पाणी आठ दिवसांतून एकदा, तेही बोट घालून माती कोरडी लागली तर. वही कपाटात ठेवली.
डॉक्टरांनी ह्यांना दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं होतं. मीच द्यायचे, खुणा केलेल्या पेल्यानं. दीड वर्ष. तो पेला आज माळ्यावर टाकला. या घरात आता मोजून पाणी नाही.

११ मार्च
वाचनालयातून घरातल्या झाडांचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला माझी मी शिकले, त्यामुळे काय वाचायचं आणि काय सोडायचं ते कळतं. पाण्याचं प्रकरण सोडलं.

२६ मार्च
ऊन चाळीसच्या वर. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर. लिंगपूजेचं पाणीही त्यालाच.
नवीन पान आलं. पूर्ण पांढरं! ह्यांना हेच हवं होतं. पुस्तक म्हणतं, असं पान टिकत नाही. पुस्तक लिहिणारा सोलापुरात राहत नसावा.

९ एप्रिल
पांढरं पान तपकिरी होऊन गळालं. उन्हानं. पाणी वाढवलं.

१८ एप्रिल
पाच दिवस नळ नाही. पिंपात तळाला थोडंसं. माझी आंघोळ राहिली, झाडाचं पाणी नाही.
चंद्रिकाला सांगितलं, टवटवीत आहे. तिनं फोटो मागितला. मार्चमधला पाठवला. झाड तेच आहे.

२ मे
कुंडीवर चिलटं. शेजारी निंगव्वाकडे आंबे आहेत, तिकडूनच येत असणार. वास मात्र मोरीचा. फिनेल टाकलं.

३ मे
वास आहेच. मोरी परत धुतली.

११ मे
निंगव्वा आली. मूळची कुंभारी गावची, शेतात राबलेली बाई. तिनं मातीत बोट घातलं, हुंगलं.
"काकू, मुळं कुजल्यात की. लई पाणी पाजलंय तुमी."
मी म्हटलं, पाणी पिऊन कोणी मरत नाही.
तिनं बोट पदराला पुसलं. डायलिसिसला जाताना रिक्षात तीच बसायची आमच्यासोबत. चहा न घेताच गेली. ती गेल्यावर एक तांब्या जास्तीचा घातला.

२४ मे
एकच पान उरलं. एकाच पानात सगळी ताकद जाईल, हे बरंच.

१ जून
खोड मऊ लागतंय. काठी बांधली. चंद्रिका पाच तारखेला येणार. चार दिवस आहेत, तेवढ्यात सुधारेल.

४ जून
कुंडी पुसून घेतली. लांबून चांगली दिसते.

५ जून
चंद्रिका आली. चप्पल काढून सरळ कुंडीपाशी. काठी सोडली, खोडाला हात लावला, तर झाड सगळं हातात आलं. खाली मूळ नव्हतंच. काळा चिखल नुसता. मोरी दोनदा उगाच धुतली.
रागावली नाही. हात धुवून आली आणि हळूच म्हणाली, "आई, किती पाणी घालायचीस?"
मोजलं नाही, म्हटलं.
ती शेजारी गेली, निंगव्वाला विचारायलाच असणार. परत आली ती डोळे पुसतच. मग कपाटावरची बॅग काढून माझ्यासमोर ठेवली. साड्या घेतल्या, चष्मा घेतला, ह्यांची वही घेतली. वाचनालयाचं पुस्तक निंगव्वा परत करील. पाण्याचं प्रकरण राहिलंच.
चंद्रिका रिक्षा बघायला गेलीय, तोवर लिहून ठेवते. शेवटच्या दिवशी दुपारी ह्यांनी अर्धा पेला मागितला. आजचं झालं, म्हणाले मी. थोड्या वेळानं परत मागितला. मी पेला धुऊन पालथा घातला.
झाडानं तर एकदाही मागितलं नव्हतं.