बेअरिंगवरचं कुंकू

२६ सप्टेंबर २०१६, सोम. लंडन, ऑन्टॅरिओ
नलूला डायलिसिसहून घरी आणलं. ती झोपली तेवढ्यात गराजमध्ये स्नोब्लोअरचा, म्हणजे बर्फ हटवायच्या मशीनचा, गिअरबॉक्स उघडला. पाणी शिरून तेलाचं ताक झालंय. दोन्ही बेअरिंग खलास, गिअरचे दाते मात्र शाबूत. फेब्रुवारीत हे मशीन बंद पडलं, बर्फातून गाडी निघाली नाही, डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या फुफ्फुसांत पाणी. अँब्युलन्समध्ये तिचा हात धरून बसलो होतो, इतका घाबरलो नव्हतो कधी. यंदा तसं होऊ देणार नाही.

२८ सप्टें., बुध.
मुक्ताचा टोरांटोहून फोन. "बाबा, just buy a new one. Or get a condo, please!" लेकीचं चुकत नाही. पण नलू पलंगावरूनच म्हणाली, "नवीन काही आणू नका आता या घरात." फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, पुरे झालं ते डायलिसिस. बर्फात कशाला तुमची धावपळ?"
ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बर्फाचंच कारण ना? मग बर्फाचा बंदोबस्त करतो.

४ ऑक्टो.
मशीनची कंपनी कधीच बुडाली. पार्ट मिळत नाहीत. कॅलिपरनं मापं घेऊन वीस मिलिमीटरचं बेअरिंग आणलं, तर शाफ्टवर खुळखुळतंय. शाफ्ट पाऊण इंची! जन्मभर मिलिमीटरमध्ये विचार केला, त्याचं फळ. म्हणे मेकॅनिकल इंजिनिअर.
जुन्या बेअरिंगची बाहेरची कडा गंजून झिजलेली, मापाचा भरवसा नाही. दुकानदार म्हणतो, त्यावर कोरलेला नंबर द्या. नंबर पुसट. भिंग, टॉर्च, सगळं झालं. नाहीच दिसत.

१० ऑक्टो., खंडेनवमी
इकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी. डायलिसिसला कसली सुट्टी?
दरवर्षी नलू स्नोब्लोअरला हळदकुंकू लावते, परसातला झेंडू वाहते. यंदा मशीन सुटं. मी म्हटलं, राहू दे. तर भिंतीला धरून गराजमध्ये आली. पेपरवर मांडलेल्या एकेका भागाला ओलं कुंकू. बेअरिंगलाही, अंगठ्यानं दाबून.
"अगं, पुसून ठेवलंय मी ते!"
"असू दे. त्याचाही सण आहे."
ती आत गेल्यावर पुसायला घेतलं. वरचं कुंकू निघालं, चरांतलं राहिलं. लाल, बारीक आकडे. अख्खा नंबर!
या गुडघ्यांनिशी पळत आत गेलो. नलू हसली. कितीतरी महिन्यांनी.

१८ ऑक्टो., मंगळ.
ग्वेल्फला गेलो, शेतीच्या मशीनांचं दुकान. नलू हट्टानं बरोबर आली. काउंटरवरची बाई म्हणाली, "Last two. Lucky man!" मान हलवली. येताना नलू गाडीत झोपली, बेअरिंगचा खोका मांडीवर. रस्ताभर मेपल लाल झालेले. तिला उठवावंसं वाटलं, उठवलं नाही.

२९ ऑक्टो.
उद्या लक्ष्मीपूजन. शाफ्ट कालपासून फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. बेअरिंग ओव्हनमध्ये. म्हणजे एक आकसेल, दुसरं फुगेल. नलू खुर्चीवर बसून देखरेखीला.
"फार तापवू नका."
"तुझे अनारसे नाहीत ते."
"म्हणून तर सांगते. अनारसे पुन्हा करता येतात."
बसलं. हातोडी लागली नाही. मग तिनं विचारलं, "आता किती वर्षं चालेल?" म्हटलं, आपल्याला पुरून उरेल.

९ नोव्हें.
गिअरबॉक्स बंद, तेल भरलं. गळत नाही. नलूचं वजन आणखी उतरलंय.

२१ नोव्हें., सोम.
काल रात्रीपासून बर्फ. पहाटे मशीन काढलं. पहिल्या झटक्यात सुरू. ड्राइव्हवे रस्त्यापर्यंत मोकळा केला. बर्फ उडताना लहान पोरासारखा आनंद झाला, खोटं कशाला लिहू. डायलिसिसला निघायचं म्हणून गाडी गरम करायला लावली.
आत आलो तर नलू खिडकीशी. अंगावर शाल. कोट खुंटीलाच.
"छान चाललं हो. सगळं बघितलं मी." मग म्हणाली, "आता तुमची काळजी नाही. एकट्याला जमेल तुम्हाला."
मी मशीन दुरुस्त करत होतो तिला न्यायला. ती करून घेत होती माझ्यासाठी. ग्वेल्फपर्यंत आली ती त्यासाठीच.
रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.
तिचा कोट खुंटीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवलाय. तिनं तो बाजूला सारला नाही, घातलाही नाही. बाहीवरून हात फिरवतेय. निघायची वेळ झाली. मी इथे टेबलाशी लिहीत बसलोय, कारण तिला विचारायची हिंमत नाही. बाहेर गाडी सुरूच आहे.