ऑल्गा सेम्पल हिच्या बटरफ्लॅपची व इतर मिळकतीची व्यवस्था

मी, ऑल्गा मर्टल सेम्पल, वय वर्षे शहात्तर, धंदा घरी बटरफ्लॅप, म्हणजे बटर लावून घडी घातलेले ब्रेड, भाजणे, राहणार न्यू ॲमस्टरडॅम, बर्बिस, गयाना, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मला सांगण्याची कोणाची छाती नाही, हे गल्लीला ठाऊक आहे.

कलम १. राहते लाकडी घर माझी मुलगी जॉयलिन हिला द्यावे. मुलगा रॉडवेल न्यूयॉर्कला असतो. तो फोनवर म्हणतो, "मा, विकून टाक ते घर आणि ये इकडे. इथं दुकानात सगळे ब्रेड मिळतात." त्याला वडिलांचे घड्याळ द्यावे. ते चालते.

कलम २. काठवट, लाटणे आणि पत्र्याची भट्टी, हेही जॉयलिनला, पण अटीवर. मैदा हाताला चिकटायचा थांबेपर्यंत मळावा, फुगू द्यावा. गोल लाटून बटर फासावे, अर्धी घडी घालावी, पुन्हा बटर, पुन्हा घडी. त्रिकोणाच्या कडा दाबू नयेत. भाजताना पदर सुटले पाहिजेत. मार्गारीन घरात आल्यास हे कलम रद्द समजावे. चर्चच्या महिला मंडळाने ही ओळ दोनदा वाचावी.

कलम ३. सासूबाईंची निळ्या काठाची ताटली माझ्यासोबत पुरावी. कारण लिहिते.

१९८३ साली परदेशी गव्हाच्या मैद्याला सरकारची बंदी होती. सगळा देश तांदळाच्या पिठाचा ब्रेड चावत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तो ब्रेड त्या भिंतीवर फेकायच्या आणि म्हणायच्या, "ऑल्गा, मरायच्या आधी एक खरा फ्लॅप खाऊ घाल." माझा नवरा नेव्हिल मासेमार. नदीपलीकडच्या सुरिनाममधून त्याने जाळ्यांखाली दडवून पाच पौंड मैदा आणला. मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि भाजायला बसले. पण ताज्या ब्रेडच्या वासाला कडी कोण घालणार?

तासाभरात पोलीस दारात. उरलेला मैदा आणि अकरा फ्लॅप मुद्देमाल म्हणून बांधले. बारावा सासूबाईंच्या हातात होता. शिपायाने हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, "हा न्यायचा तर मला खाटेसकट उचल." त्याने टोपी काढली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. त्यांनी शेवटचा कण या ताटलीवरून बोटाने टिपून खाल्ला.

न्यायाधीशांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे?"

मी म्हणाले, "भाजले ते कबूल. गुन्हा कशाला म्हणायचं ते तुम्ही बघा."

सात दिवस आत बसले. पाचव्या दिवशी सासूबाई गेल्या. मला माती द्यायला मिळाली नाही. पण त्या उपाशी गेल्या नाहीत, आणि तेही माझ्या हातचे खाऊन गेल्या. याचा अभिमान मी वर घेऊन जाणार आहे.

कलम ४. आमच्या आणि शेजारीण व्हर्लिन ॲडोनिस हिच्या कुंपणामधला सहा फुटी पट्टा, ज्यावरून आम्ही तीस वर्षे भांडलो, तो व्हर्लिनला द्यावा. जॉयलिन, डोळे वटारू नकोस.

गेल्या ईस्टरला व्हर्लिन जिना चढून आली. बसली नाही. म्हणाली, "पोलिसांना मी सांगितलं होतं."

मी काठी उचलली.

"मार हवं तर, पण आधी ऐक. सातवा महिना होता मला. वर्षभरात गव्हाचा घास नव्हता पोटात. तुझ्या घरातून तो वास आला आणि मी कुंपणाशी येऊन उभी राहिले. धूर जायला तू खिडकी किलकिली केलीस, तेव्हा मला पाहिलंस, ऑल्गा. पाहिलंस आणि खिडकी लावून घेतलीस."

खरे आहे. मी पाहिले होते. तिच्या पोटाकडेही पाहिले होते. बारा फ्लॅप होते आणि माझा हात पुढे झाला नाही. हे मी अडतीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते, स्वतःलाही नाही.

तीन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही. मग एका शनिवारी बारा फ्लॅप भाजले आणि बाराच्या बारा तिच्या टेबलावर नेऊन ठेवले. तिने एक तोडला, पदर मोजले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मीठ अगदी बरोबर होते.

कलम ४ ची दुरुस्ती. आज सह्यांच्या वेळी व्हर्लिन म्हणाली, "साक्षीदार मी होणार." वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष चालत नाही. ती म्हणाली, "मग पट्टा खोडा. एकदा हिच्याविरुद्ध बोलले, आता एकदा हिच्या बाजूनं सही करू दे."

तिच्यापुढे हरायची मला सवय नाही. मी वकिलांना विचारले, "हिच्या मुलीला दिला तर?" त्यांनी पुस्तक चाळले. म्हणाले, चालेल.

सबब व्हर्लिनचे नाव खोडले आहे. सदर पट्टा तिची मुलगी ट्रिशिया ॲडोनिस हिला द्यावा, जी त्या दिवशी आईच्या पोटात होती आणि माझ्या दारातून उपाशी परत गेली.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

ऑल्गा मर्टल सेम्पल

साक्षीदार:
१. कॉलिन बॅकस, वकिलांचे कारकून
२. व्हर्लिन ॲडोनिस, शेजारीण

स्थळ: न्यू ॲमस्टरडॅम, बर्बिस
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२१