चुलीपाशी कोण बसलं होतं

आये, मला तुला एवढंच विचारायचं आहे. मुरबाडच्या त्या मोठ्या घरात तू मातीची चूल घालायला जायचीस. काम संपल्यावर त्यांनी तुला कधी आत, स्वयंपाकघरात बसवलं होतं का? हो की नाही, एवढंच सांग. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले, आणि हे आत्ता कुठून काढलंस, असं तू म्हणणार हेही मला माहीत आहे. मी काढलेलं नाही. मी आपली माझ्या घरात सुखाने होते. एका प्रदर्शनापायी हे सगळं झालं, आणि आता दोन बायका माझ्याकडे उत्तर मागत आहेत, दोघींना वेगवेगळं उत्तर हवं आहे, आणि माझं डोकं काही चालत नाही.

मुळापासून सांगते. ह्यांची धरणावरची नोकरी संपली तेव्हा भातसानगरची खोली सोडून आम्ही शहापुरात स्वतःचं घर घेतलं. कॉलनीत काय नि इथे काय, संसार सगळा गॅसवर झाला. चूल घालायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. पण हात स्वस्थ बसत नाहीत, ते तुझ्याकडूनच आलं असणार. दुपारची भांडी झाली की मी माती घेऊन बसते. मुलींच्या लग्नात रुखवतात मांडायला छोट्या छोट्या चुली करते, तळहातावर मावतील एवढ्या. बाजूला आमटी गरम राहायला वैल, वर तवा, तव्यावर नखाएवढी भाकरी, शेजारी काड्यांची मोळी. मातीत भाताचा तूस घालते, शेण घालते, तू मळायचीस तशीच मळते, आणि सुकताना तडा गेला की तुझ्यासारखीच स्वतःला शिव्या घालते. लेक म्हणते, आई, तू अजून भातुकलीच खेळतेस. खेळते तर खेळते. सकाळी घर झाडून झालं, दारात रांगोळी पडली, आमटीला फोडणी बसली आणि पुढ्यात मळलेली माती असली की मला दुसरं काही लागत नाही. आमच्या महिला मंडळाने मुरबाडला हस्तकलेचं प्रदर्शन आहे म्हटल्यावर मी माझ्या चुली पेपरात गुंडाळल्या, खोक्यात भरल्या आणि मांडीवर खोकं घेऊन किन्हवलीच्या रस्त्याने सगळे खड्डे सोसत गेले. तिथे उतरले आणि समोर तेच घर.

पुढून मी ते ओळखलं नाही. ओळखणार कशी? पुढून आपण कधी गेलोच नव्हतो. त्यांनी ते आता छान दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलं आहे. लाकडाला तेलपाणी केलंय, माजघरात गोधड्या, टोपल्या, लोकरीचे स्वेटर मांडले होते, ओटीवर आमच्या मंडळाचं टेबल होतं. हात धुवायला म्हणून मागे गेले आणि मागच्या अंगणातली विहीर बघितली तेव्हा पायच थबकले. मग मी मागच्याच दाराने आत गेले. कुणी अडवलं नाही, सगळ्याच जात होत्या. चपला काढायची गरज नव्हती तरी मी काढल्या. स्वयंपाकघरात चूल होती आये, आणि चुलीत लाल बल्ब! निखाऱ्यासारखा दिसावा म्हणून. वर पाटी होती, शंभर वर्षांपूर्वीची चूल. मला हसू आलं. मातीची चूल शंभर वर्षं टिकली असती तर तुला दरवर्षी बोलावलं असतं कशाला? पण बाकी बायका तिच्याशेजारी बसून फोटो काढत होत्या, मीही काढला.

नंतर त्या घरातली सून आमच्या टेबलापाशी आली. चाळीस-पंचेचाळीसची असेल, बोलायला फार गोड. माझ्या चुली तिने एकेक उचलून बघितल्या, दोन घेतल्या, आणि कुठे शिकलात म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, आईकडून, ती तुमच्याच घरात चूल घालायला यायची. तिने माझे दोन्ही हात धरले. "अहो काकू, म्हणजे तुम्ही आमच्याच झालात की!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं ते. "रविवारी समारोप आहे, तुमचा सत्कार करू आम्ही. दोन शब्द बोला. आमच्या घराने कधी कुणाला परकं मानलं नाही, तुमच्या आईंना किती मान होता, एवढंच सांगा. बाहेरच्या लोकांना कळायला हवं हो." मी बरं म्हटलं. सत्कार म्हटल्यावर आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती भडकलीच. ती कल्याणला नोकरी करते, शनिवार-रविवार येते. "मान? आई, तूच मला लहानपणी सांगितलंयस ना, चूल पेटली की आजीला आत पाऊल टाकायची बंदी होती म्हणून? तिच्याच हातची चूल, आणि तिलाच बाहेर बसवायचे! ते सांग रविवारी माइकवर. नाहीतर जाऊच नकोस." मी म्हटलं, अगं, पण आत बसून चहा प्यायल्याचंही मला आठवतं. ती म्हणाली, "मग मला कधी बोलली नाहीस ते?" खरंच कधी बोलले नव्हते. दोन्ही आठवणी माझ्याजवळ होत्या, पण मी त्या कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या.

आता तूच बघ. पहिली अशी. आपण मागच्या अंगणात आहोत. तू वारुळाची माती आणलेली, पायाने तुडवतेयस, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. त्या घरातली म्हातारी आतल्या दारात उभी राहून सूचना देते, उंची अशी ठेव, वैल तशी ठेव, आणि तू "व्हय काकी, व्हय काकी" करत स्वतःला हवं तेच करतेस. आत जाऊन तू चूल घालतेस, तेव्हा आत जायला हरकत नसते. चूल सुकली की पुन्हा आपण जातो. त्या दिवशी घरातल्या सुना ती सारवतात, हळदकुंकू वाहतात, पेटवतात आणि दूध उतू घालतात. तू मात्र विहिरीपाशी बसून असतेस. धूर नीट जातो की नाही ते बघायला मी आत धावते आणि तू माझा दंड धरून मागे खेचतेस, पाठीत एक रट्टा बसतो. "मुकाट बस हितं. आता आपलं आत काम नाय." मी विचारते, चूल तर तूच घातलीस ना? तू म्हणतेस, "आपली चूल आपल्या घरी." तुझ्या हाताला शेणमातीचा वास येतो आहे. मी रडते, आणि रडून रडून मग आवळे वेचते.

आणि दुसरी अशी. स्वयंपाकघर आहे, चूल पेटलेली आहे. कपबशीतला चहा, दूधच जास्त. ऊब इतकी की गुडघे भाजतात. म्हातारी जवळच आहे, तिच्या हातातल्या बांगड्या वाजतात. आणि तू आहेस. तुझा चेहरा मला दिसत नाही, तुझ्या मागून उजेड येतोय, पण पदराचं टोक दातांत धरलं आहेस आणि तू हसते आहेस हे मला पक्कं माहीत आहे. मी ही आठवण कुणाकडून ऐकलेली नाही. चहाची चव माझ्या जिभेवर आहे. आणि घरी येताना तू त्यांनी दिलेलं हिरवं लुगडं छातीशी धरून चालायचीस, भेटेल त्याला सांगायचीस, "लय मायाळू मानसं हायत." ज्यांनी विहिरीपाशी बसवलं त्यांना कुणी मायाळू म्हणतं का? लेक म्हणते, म्हणतं, कारण तेव्हा तसंच म्हणायला शिकवलेलं असायचं. असेलही. पण तू म्हणताना तुझा चेहरा कसा व्हायचा ते तिने नाही बघितलं, मी बघितलंय. गावी दादाला फोन केला. तो म्हणाला, "आयला चूल घालाया बोलवायचे, येवढं ठाव हाय. आत बसली का भायेर, कोन बघतंय गो? आमी तवा खळ्यावर." फोन ठेवता ठेवता म्हणाला, सत्काराला नारळ देतील तो आणशील का इकडे येताना.

इथवर शनिवारी रात्री लिहिलं होतं, पुढचं आता लिहिते. रविवार उजाडेपर्यंत मी दोन भाषणं मनात पाठ केली होती. एकात तुला मान होता, एकात तुला बंदी होती. दोन्ही म्हणून बघितली की दोन्ही वेळा वाटायचं, मी तुझी चहाडी करते आहे. मान होता म्हटलं तर तुझं ते विहिरीपाशी बसणं पुसून टाकल्यासारखं होतं. बंदी होती म्हटलं तर तू लोकांपुढे केविलवाणी होतेस, आणि तू केविलवाणी कुठे होतीस? अख्ख्या गावात तुझ्याइतकं मोठ्याने कुणी हसत नव्हतं. लेक माझ्याबरोबर आली, पण तोंड फुगवून. म्हणाली, मी त्या स्वयंपाकघरात येणार नाही, तू जा. कार्यक्रमाआधी त्या सुनेला चुलीपाशी माझा फोटो हवा होता. तिने मला पाटावर बसवलं, हातात फुंकणी दिली. तेवढ्यात लाइट गेली. लाल बल्ब विझला, खोलीत अंधार झाला, आणि फोटोवाला थांबा थांबा करत बाहेर गेला.

मी तशीच फुंकणी धरून बसले होते आणि समोर बघितलं. पाटावरून समोर मागचं दार येतं. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं, आणि उंबऱ्याबाहेर माझी लेक उभी होती. मी काय करते आहे ते बघायला आली असावी, आत मात्र येत नव्हती. उन्हामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती काळी आकृती, आणि ओढणीचं टोक तिने तोंडापाशी धरलेलं. मला हसू येत होतं तिला बघून. आणि एकदम लक्षात आलं, हे मी बघितलेलं होतं. ह्याच जागेवरून, असंच.

चुलीपाशी तू नव्हतीस, आये. मी होते. चूल माझ्या पुढ्यात होती, गुडघे माझे भाजत होते, चहा मी पीत होते. तुझ्या मागून येणारा उजेड अंगणातला होता. मग एकेक आठवत गेलं. रट्टा खाल्ला त्याच्या पुढच्या खेपेची गोष्ट असणार. म्हातारी म्हणाली होती, "लेकराला कसलं गं सोवळं, ये, ये बाळ," आणि तिने मला हाताला धरून आत नेलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू उंबऱ्याबाहेरून हातानेच खूण केली होतीस, बस, बस. इतकी वर्षं मी तुला आत आणून बसवलं होतं. कधी आणलं, कसं आणलं, मलाच ठाऊक नाही.

त्यानंतर मी माइकवर काय बोलले ते विचारू नकोस. माझी आई चूल फार सुंदर घालायची, एवढं एकच वाक्य बोलले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. सुनेला वाटलं मी भारावले, लेकीला वाटलं मी घाबरले. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी नारळ मांडीवर धरून बसले. तिला सांगावं असं वाटत होतं, पण सांगून काय झालं असतं? ती म्हणाली असती, बघ, म्हणजे आजीला बंदी होतीच. होतीच. पण मग तू हसत का होतीस, हे ती मला सांगू शकली नसती. मला आत बसलेली बघून तुला बरं वाटलं होतं, का लाज लपवायला पदर दातांत धरला होतास? ते हिरवं लुगडं मायेचं होतं की नव्हतं? एक प्रश्न सुटला आणि त्याच्या जागी हा येऊन बसलाय, आणि ह्याला तर साक्षीदारही नाही.

हे सगळं लिहिलं खरं, पण कुणाला दाखवायचं नाही. चुलीत घालावं म्हटलं तर माझ्या घरात चूल नाही. शिलाईच्या डब्यात, तळाशी ठेवीन झालं. त्याआधी एक राहिलेलं सांगून टाकते, कारण पुन्हा कधी मला धीर होईल असं वाटत नाही. म्हातारीने मला दुसऱ्यांदा चहा दिला, वर पोह्याचा लाडू दिला, मी तो सावकाश, पुरवून पुरवून खाल्ला. मला तिथे फार छान वाटत होतं आये, आणि तू बाहेर उभी आहेस हे माझ्या मनातही आलं नाही.